केनियातल्या बायांची भिशी आणि बचतीची पेटी



मागच्या मासिक बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आपण दर महिन्याला बचत भरतो, तरी लेकराला ताप आला की सावकाराच्या दारात का जावं लागतं?" तेव्हा आमच्याकडे नीट उत्तर नव्हतं. नंतर वाचनात आलं, की याच प्रश्नाच्या जवळपास जाणारा अभ्यास विद्यापीठातल्या अभ्यासकांनी केनियात केलाय. आज त्या देशाची आणि त्या अभ्यासाची ओळख करून घेऊ.

केनिया हा पूर्व आफ्रिकेतला देश, अरबी समुद्राच्या पलीकडच्या अंगाला, हिंदी महासागराच्या काठावर. राजधानी नैरोबी. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीला थोडा कमी, पण लोकसंख्या २०१९ च्या जनगणनेत पावणेपाच कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी. इंग्रजांचं राज्य तिथंही होतं. १२ डिसेंबर १९६३ ला देश स्वतंत्र झाला. बहुतेक लोक खेड्यात राहतात, मका पिकवतात, मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली शिजवून पालेभाजीबरोबर खातात. चहा आणि फुलं परदेशी पाठवतात. त्यांची स्वाहिली भाषा ऐकली तर ओळखीचे शब्द कानावर येतात: हिशेबाला 'हेसाबू', दुकानाला 'डुका', साबणाला 'साबुनी', आणि चहाला 'चाय'! समुद्रमार्गे चाललेल्या जुन्या व्यापाराची ही खूण.

याच देशात वंगारी मथाई या प्राध्यापक बाईंनी १९७७ मध्ये खेड्यातल्या बायांना सोबत घेऊन झाडं लावायची चळवळ सुरू केली. २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतल्या स्त्रीला मिळालेलं ते पहिलं शांतता नोबेल.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. केनियात बायांचे गट असतात, त्यांना 'चामा' म्हणतात. पुष्कळ गटांचं काम आपल्या भिशीसारखं चालतं. सगळ्याजणी ठरलेली रक्कम भरतात आणि जमलेले पैसे पाळीपाळीनं एकीला मिळतात.

पास्कलिन ड्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन हे दोन अर्थशास्त्रज्ञ पश्चिम केनियातल्या अशा शंभरहून जास्त गटांत गेले. आजारपणासाठी पैसा का साठत नाही, हे त्यांना बघायचं होतं. काही गटांतल्या सभासदांना त्यांनी कुलपाची लोखंडी पेटी दिली आणि किल्ली त्यांच्याच हातात ठेवली. काहींना पेटी दिली, पण किल्ली दिली नाही. काही गटांना नेहमीच्या भिशीशिवाय आरोग्याची वेगळी भिशी सुरू करायला सांगितलं. आणि काहींचं अडीअडचणीच्या आजारपणासाठीचं वेगळं खातं गटाच्या खजिनदाराकडे ठेवलं.

२०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. किल्ली हातात असलेल्या साध्या पेटीनंही आरोग्यासाठीची बचत ६६ टक्क्यांनी वाढली. किल्ली नसलेल्या पेटीचा मात्र फारसा उपयोग झाला नाही, कारण अचानक गरज पडली तर तो पैसा हाताशी नसतो. आणि गटाच्या आरोग्य भिशीचा परिणाम फार मोठा दिसला.

असं का झालं असेल? मैत्रिणींनो, घरातला पैसा मोकळा असला की मागणारे खूप असतात. दीर येतो, शेजारीण येते, नवरा हात पसरतो. नाही म्हणणं जड जातं. पण "हे पेटीतले पैसे औषधाचे आहेत" असं सांगता आलं, की नाही म्हणायला आधार मिळतो. ज्यांच्याकडे नातेवाईक सारखे मागायला यायचे, त्यांना पैशाला असं नाव देण्याचा उपयोग जास्त झाला, असं अभ्यासात दिसलं. आणि गटात तर सगळ्याजणींसमोर भरायचं असतं, त्यामुळे हप्ता चुकत नाही.

याच दोघांनी बाजारात बसणाऱ्या बायांना बँकेत खाती उघडून दिली होती. त्यावर व्याज नव्हतं, उलट पैसे काढताना शुल्क पडायचं. तरीही पुष्कळ बायांनी त्यात पैसे ठेवले आणि धंद्यात जास्त भांडवल घातलं. म्हणजे अडचण बचतीच्या इच्छेची नव्हती, पैसा सुरक्षित ठेवायला जागा नव्हती.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं सापडतं. आपली बचत अंतर्गत कर्जात फिरते, ते चांगलंच आहे. पण रात्री दवाखाना गाठायचा असेल, तर बैठकीची आणि ठरावाची वाट बघता येत नाही. म्हणून आम्ही गटात ठराव केलाय: नेहमीच्या हप्त्याशिवाय दर महिन्याला प्रत्येकीनं वीस रुपये आजारपणाच्या निधीत भरायचे. त्याची वही वेगळी ठेवायची, आणि गरज पडली तर अध्यक्ष व सचिव या दोघींच्या संमतीनं त्याच दिवशी पैसे द्यायचे. हिशेब पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवायचा.

तुमच्या गटातही या महिन्याच्या बैठकीत हा विषय काढा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण त्या पैशाला नाव द्या आणि ते मोडू नका.