ना पहिला, ना शेवटचा

आपल्या वस्तीत सायकल म्हणजे कामावर जाण्याचे साधन. तिच्यावर हौसेने 200 कि.मी. कोण जाईल? पण 'ब्रेव्हे'त जातात! मुदत साडेतेरा तास. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. मागे मदतीची गाडी नाही, पंक्चर स्वतःच काढायचे. आणि नंबर नाहीच! तासभर आधी आलेला व शेवटच्या मिनिटाला आलेला, दोघांचा मान सारखा. मला हेच फार भावले.

फ्रान्समधील 1200 कि.मी.ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 1891 साली शर्यत म्हणूनच सुरू झाली. आज ती शर्यत नाही. 2023 साली तिथे भारतातूनही सायकलस्वार गेले.

साधी सायकलही नियमात बसते. ताशी 15 कि.मी. वेग आपल्या कामगार बांधवांना नवा नाही. अडते ते फी आणि सुट्टीपाशी. जयंतीला बँडचा एक तास कमी केला, तर वस्तीतल्या एखाद्या मुलीची फी निघेल.