उत्कृष्टतेच्या दाराला कुलूप का?

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतके सूक्ष्म संशोधन करणारी एक नामवंत संस्था म्हणजे बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र. मटेरियल सायन्समध्ये तिचा दबदबा आहे. १९८९ साली केंद्र सरकारने ती उभारली. आज ती अभिमत विद्यापीठ आहे आणि चालते जनतेच्या पैशावर. २००७ च्या 'नॅनो मिशन'चे हजार कोटीही जनतेचेच होते.

आता कायदा पाहा. केंद्रीय शिक्षणसंस्थांत अध्यापकभरतीला आरक्षण देणाऱ्या २०१९ च्या कायद्याने परिशिष्टातील मोजक्या संस्थांना सूट दिली. त्यात हे केंद्र आहे, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. प्रवेशाच्या २००६ च्या कायद्यातही हीच सूट! कारण काय, तर म्हणे 'उत्कृष्टता'. म्हणजे आमची मुले आली की उत्कृष्टता बाटते काय?

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. दार उघडले, म्हणून जगाला विद्वत्ता दिसली. अणूरेणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला समोरचा माणूस दिसत नसेल, तर दोष कुणाचा?

बांधवांनो, मुलामुलींना विज्ञान संशोधनाकडे वळवा. आणि मते मागायला येणाऱ्या खासदाराला विचारा: ते परिशिष्ट कधी रद्द करणार?