अकाली येणारे मोठेपण

जून २०१९ मध्ये नवी दिल्लीतील माहिती व प्रसारण मंत्रालयाने देशातील खाजगी उपग्रह वाहिन्यांना एक सूचनापत्र पाठविले. चित्रपटांत प्रौढांनी केलेली नृत्ये स्पर्धांच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून करविली जातात, त्यांतील हावभाव पुष्कळदा सूचक आणि वयाला न शोभणारे असतात, कोवळ्या मनावर त्यांचा अनिष्ट परिणाम होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. सरकारी भाषा एरवी जपून बोलते. या वेळी तिने नेमके दुखण्यावर बोट ठेवले.

यावर एक आक्षेप सहज घेतला जातो. आईची साडी गुंडाळून, कपाळावर भले मोठे कुंकू रेखून मुली आरशापुढे कधी उभ्या राहत नव्हत्या? राहत होत्या, आजही राहतात. परंतु तो खेळ असतो. भातुकलीतील आई डाव मोडताच पुन्हा मुलगी होते आणि साडीचा बोळा टाकून अंगणात धावते. डाव केव्हा मांडावा आणि केव्हा मोडावा, हे तिच्याच हाती असते. दिव्यांच्या झोतात नाचणाऱ्या मुलीच्या हाती यातले काहीच नसते. पोशाख दुसऱ्याने निवडलेला, हावभाव दुसऱ्याने बसविलेले, आणि शाबासकी मिळते ती प्रौढांच्या नजरेला ती किती मोठी भासली यावर.

मुलींना घाईने मोठे करण्याची खोड आपल्या समाजाला नवी नाही. महाराष्ट्रातही परकर-पोलक्यातील आठ-दहा वर्षांच्या पोरी बोहल्यावर चढविल्या जात. १९२९ साली केंद्रीय विधिमंडळाने हरविलास सारडा यांचे विधेयक संमत केले, तेव्हा मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. १९७८ मध्ये ते अठरावर गेले. त्या घाईला निदान चेहरा होता. वडील, भटजी, सोयरे यांचा हात कायद्याला धरता येत होता, मग तो प्रत्यक्षात किती वेळा धरला गेला हा भाग निराळा. आजच्या घाईचा धनी कोण, हे सांगणे कठीण आहे.

तिच्या मुळाशी व्यापाराचे साधे गणित आहे. लहान मुलीचे कपडे आई घेते. ते अंगाला बसावेत, टिकावेत, धुता यावेत, एवढेच ती पाहते. मुलगी स्वतःकडे परक्या नजरेने पाहू लागली, की ती स्वतःच गिऱ्हाईक बनते. म्हणून तर आठ ते बारा या वयाचा निराळा गट जाहिरातदारांनी कल्पिला. दिल्ली-गुरुग्रामच्या मॉलमधील बालविभागात आज मोठ्यांच्या पोशाखाच्या चिमुकल्या आवृत्त्या टांगलेल्या दिसतात.

यात बिघडते काय? १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकेकट्याने, काहींना पोहण्याचा पोशाख व काहींना स्वेटर घालून, गणिते सोडवावयास सांगितली. पोहण्याच्या पोशाखातील मुलींची गणिते अधिक चुकली. मुलांच्या बाबतीत तसे घडले नाही. खोलीत पाहणारे कोणीही नव्हते. आपण कशा दिसतो, याचा पहारा त्या मुलींच्या मनाने स्वतःवरच बसविला होता आणि बुद्धीचा काही वाटा तिकडे खर्ची पडत होता. विशीच्या उंबरठ्यावरील मुलींची ही गत, तर हा पहारा सातव्या वर्षी बसला म्हणजे काय होईल? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००७ साली मुलींच्या अशा चित्रणाचा संबंध आहारविकृती, न्यूनगंड आणि खिन्नता यांच्याशी जोडला आहे.

मंत्रालयाचे ते पत्र वाहिन्यांपुरते होते. मुलीच्या हातातील मोबाइलला ते लागू नव्हते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात बालकांना हेरून दाखविल्या जाणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. ती अंमलात येईल तेव्हा बाजाराचा एक दरवाजा बंद होईल. पण दिल्लीतील लग्नांत संगीताच्या रात्री सहा वर्षांची पोर एखाद्या चित्रपटातील नायिकेसारखी कंबर लचकविते, आजी-आजोबा नोटा ओवाळतात, मामा चित्रफीत काढतो, आणि "पुन्हा एकदा" असा गलका होतो. तेथे ना वाहिनी असते, ना जाहिरातदार.