उंची मोजली का?

‘आई-बाप ठेंगणे, मग पोरगं कुठून उंच होणार?’ जालना जिल्ह्यात, मंठ्यापासून भोकरदनपर्यंत, कुठल्याही अंगणवाडीच्या दारात हे ऐकायला मिळतं. पण लहानग्यांच्या बाबतीत ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. त्यात दिल्लीची मुलंही होती. आईचं दूध, पुरेसा आहार आणि स्वच्छता मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. महाराष्ट्रात मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांपैकी 35 जणांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. इतक्या घरांत दोष आनुवंशिकतेचा कसा असेल?

‘अंगानं भरलंय, म्हणजे बरं आहे.’ हाही गैरसमजच. वजन नीट असलेलं मूलही खुंटलेलं असू शकतं, आणि दंडाचा घेर मोजून ते कळत नाही. त्यासाठी उंचीच मोजावी लागते.

‘सहा महिन्यांचं लेकरू, त्याला वरणाचं पाणीच झेपतं.’ सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. डाळ पातेल्याच्या तळाशी राहते, वरचं निवळ पाणी बाळाच्या वाटीत येतं. इवलंसं पोट त्यानेच भरतं आणि पोषण जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यापेक्षा घट्ट वरण-भात कुस्करून त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावं. घरात चालत असेल तर उकडलेलं अंडंही. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावं. जुलाब लागले तरी दूध आणि खाणं थांबवू नये.

राहिला सर्वांत अन्यायाचा समज: ‘आयांनाच कळत नाही.’ अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहाटेच कोयता हातात घेणाऱ्या आईला सगळं ठाऊक असलं, तरी दिवसातून तीन-चारदा भरवायचं कुणी? कोपीवर बाळापाशी असते ती आठ-नऊ वर्षांची बहीण. घरी राहणाऱ्या आईच्याही हाती बाजारहाटाचे पैसे नसतात. अंडी आणायची की नाही, हे नवरा किंवा सासू ठरवते. म्हणून ही माहिती त्यांच्यापर्यंतही पोचली पाहिजे.

दोन वर्षांच्या मुलीची उंची साधारण 80 आणि मुलाची 82 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर वाढ खुंटली आहे असं समजावं. पुढच्या वेळी अंगणवाडीत वजन झालं की ताईंना म्हणा, ‘उंचीही मोजा आणि आकडा कार्डावर लिहून द्या.’