वीज पडलेल्याला हात लावा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले आणि घाट ओलांडून मावळात शिरले. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, फुलशेतीची पॉलिहाउस फाटली. पण त्या वादळाची वर्दी आधीच मिळाली होती. वळवाचा पाऊस एवढी सवड देत नाही.

आंदर मावळातल्या टाकवे बुद्रुकसारख्या गावात मे महिन्यात दुपारपर्यंत ऊन रणरणत असते. तापलेली हवा समुद्रावरचे बाष्प घेऊन वेगाने वर चढते, काही किलोमीटर उंचीचा ढग तयार होतो आणि तासाभरात कडकडाट सुरू होतो. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसातही तेच घडते. तेव्हा भात कापणीला आलेले असते आणि माणसे खाचरात असतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. थेट अंगावर वीज पडण्याचे प्रकार त्यात कमी असतात. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते किंवा जमिनीतून पसरत पायांवाटे शरीरात शिरते. म्हणूनच झाडाखालचा आडोसा सर्वांत घातक. ‘पायाळू माणसावर वीज पडते’ या समजाला कसलाही आधार नाही.

वीज पडलेल्याला हात लावला तर आपल्यालाही झटका बसेल, या भीतीने लोक लांब उभे राहतात. प्रत्यक्षात त्या शरीरात वीज साठून राहत नाही. विजेच्या धक्क्याने हृदय आणि श्वास दोन्ही थांबतात. हृदय कधी कधी आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास सुरू न झाल्यास तेही पुन्हा बंद पडते. म्हणून एकाच वेळी अनेकांना धक्का बसला असेल, तर कण्हणाऱ्यांच्या आधी निपचित पडलेल्याकडे धावावे. इतर अपघातांत नियम याच्या उलट असतो.

१०८ ला फोन करावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा. येत असल्यास दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. वीज अजून कडाडत असेल तर शक्य तितक्या लवकर जखमीला सुरक्षित जागी हलवावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ते ३० पेक्षा कमी भरले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी पक्के घर किंवा बंद गाडी गाठावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा मोबाइलवर देते.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. अनेकदा पाऊस ओसरला म्हणून माणसे कापलेले भात झाकायला धावतात आणि तेव्हाच घात होतो. भिजलेले भात पुन्हा वाळवता येते.