पाच रुपयांची दारूबंदी

नांदेडच्या बारमध्ये बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगून बघा, की राज्यात दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे. हसेल. पण तो आहे, 1949 चा, आणि परवान्याशिवाय पिणं कागदोपत्री आजही गुन्हाच. एका दिवसाचा परवाना विदेशीला 5 रुपये, देशीला 2, जन्मभराचा हजारात. कटिंग चहा याहून महाग.

हेतू खोटा नव्हता. गांधीजींचा आग्रह होता, राज्यघटनेत 47 वं कलम आलं, आणि कामगाराचा पगार गुत्त्याऐवजी घरी पोचावा असं मोरारजी देसाईंना मनापासून वाटे. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. आबकारी हा तिथल्या खजिन्याचा मोठा आधार. 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये हा कायदाही इथवर पोचला.

पण हातभट्टीला लागतं काय? गूळ, नवसागर, एक पिंप आणि नाल्याकाठची आडोशाची जागा. ज्या लातुरात गुळाचा अख्खा बाजार भरतो, तिथे बंदी घालायची कशावर? वर देगलूर, बिलोली, धर्माबादच्या शिवेपलीकडे दुसरंच राज्य, दुसराच कायदा. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत परवाने सैल झाले. कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. अमेरिकेनं निदान 13 वर्षांनी, 1933 मध्ये, चूक कबूल करून घटनादुरुस्तीच मागे घेतली!

आता हिशेब. 2023-24 मध्ये राज्याला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून 23 हजार कोटींच्या पुढे मिळाले. म्हणजे सेकंदाला सात हजारांवर रुपये, रात्री-बेरात्रीसुद्धा. पाचशेच्या नोटा करा: 46 कोटी. एकीपुढे एक मांडल्या तर 69 हजार किलोमीटर. नांदेड-लातूर रस्ता दीडशे किलोमीटर धरला, तर लोहा-अहमदपूर मार्गे 230 वेळा जाऊन-येऊन होईल एवढा पट्टा. पृथ्वीला पावणेदोन वेढे.

लिटरमध्येही पाहू. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आलेली ‘जलदूत’ रेल्वेगाडी 50 वाघिणींतून खेपेला 25 लाख लिटर पाणी आणायची. आता हेच माप दारूला लावू: टनभर उसातून सुमारे 40 किलो मळी निघते, टनभर मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल. पाच लाख टन गाळप करणारा एकच कारखाना घ्या: 45 लाख लिटर. जवळजवळ दोन ‘जलदूत’! सगळं ग्लासात जात नाही, पुष्कळसं पेट्रोलमध्ये मिसळतं, हेही सांगायला हवं.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर ‘आडवी बाटली’, म्हणजे बायकांचं मतदान. त्याचं गणित बायकांना तोंडपाठ असतं. आधी चौथाई महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान. तिथे झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. हजार बायकांच्या गावात सातशे मतदानाला आल्या, चारशे ऐंशींनी बाटली आडवी केली, तरी दुकान उघडंच. घरी राहिलेल्या तीनशे जणींचं मत दुकानदाराच्या पदरात.