चिमुकला कतार, जगज्जेते क्लब!

कतारचं क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. पण 2022चा विश्वचषक घरी यायचा होता, म्हणून या देशानं फिफा क्लब वर्ल्ड कप लागोपाठ दोनदा भरवून रंगीत तालीम केली. त्या तालमीतल्या या गमतीजमती:

दोन दिवस, दोन लिव्हरपूल
17 डिसेंबर 2019ला लिव्हरपूलचा लीग कपचा सामना इंग्लंडमध्ये आणि 18ला सेमीफायनल दोह्यात! मग ॲस्टन व्हिलासमोर पोरासोरांचा संघ उतरवला. तो 5-0नं आपटला. दुसऱ्या दिवशी दोह्यात थोरल्यांनी मेक्सिकोच्या माँतेरेला 2-1नं नमवलं. विजयी गोल 91व्या मिनिटाला, रोबेर्तो फिर्मिनोचा.

38 वर्षांची उधारी
1981मध्ये टोकियोत झिकोच्या फ्लामेंगोनं लिव्हरपूलला 3-0 असं लोळवलं होतं. 2019च्या फायनलला पुन्हा हेच दोघे समोरासमोर. जादा वेळेत, 99व्या मिनिटाला गोल केला तो परत फिर्मिनोनंच. लिव्हरपूलचा हा पहिलाच क्लब वर्ल्ड कप.

यजमानांना फोडला घाम
पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचा येंगेन स्पोर्ट हा क्लब 2019ला पहिल्यांदाच या स्पर्धेत आला. गाठ पडली थेट यजमान अल सद्दशी. नव्वद मिनिटांनंतरही बरोबरी! जादा वेळेत अल सद्द 3-1नं सुटला. त्यांचा प्रशिक्षक कोण? झावी. 2011मध्ये याच स्पर्धेत अल सद्दला 4-0नं धुणाऱ्या बार्सिलोनाचा मोहरा!

विमानातली रात्र
फेब्रुवारी 2021, कतारमधली दुसरी स्पर्धा. बर्लिनमधला सामना आटोपून बायर्न म्युनिक दोह्याला निघालं, पण रात्रीच्या उड्डाणबंदीनं गाठलं. चॅम्पियन्सना अख्खी रात्र विमानतळावरच, विमानात बसून काढावी लागली. तरी फायनलमध्ये बेंजामिन पावारच्या गोलवर त्यांनी मेक्सिकोच्या तिग्रेसला 1-0नं हरवलंच. गोल आधी ऑफसाइड ठरला होता. व्हीएआरनं तो परत मिळवून दिला. वर्षभरातला हा सहावा चषक. असा षटकार त्याआधी फक्त बार्सिलोनानं, 2009मध्ये मारला होता.

शिट्टी तिच्या हाती
7 फेब्रुवारी 2021ला अल दुहैल आणि उल्सान ह्युंदाई पाचव्या क्रमांकासाठी भिडले. निकाल 3-1, अल दुहैलच्या बाजूनं. पण गाजल्या त्या मुख्य पंच, ब्राझीलच्या एदिना आल्वेस बातिस्ता. पुरुषांच्या वरिष्ठ गटाच्या फिफा स्पर्धेत मुख्य पंच झालेल्या त्या पहिल्या महिला. रेषेवरच्या दोन्ही सहायक पंचही महिलाच.

तारीख तीच
लिव्हरपूलची सेमीफायनल झाली तो 18 डिसेंबर म्हणजे कतारचा राष्ट्रीय दिन. तीन वर्षांनी त्याच तारखेला लुसैलमध्ये मेस्सीनं विश्वचषक उचलला. मुहूर्त काढावा तर कतारनं!